भिंतीवर टांगलेलं स्टीअरिंग

मित्रांनो, आधी एक सांगून टाकतो. माझ्या अंगावरचा हा चकचकीत निळा रंग माझा नाही. मी मुळात राखाडी, जाड पत्र्याचा, साधासुधा. इटलीत घडलेला म्हातारा ट्रॅक्टर आहे मी, आणि गेली कित्येक वर्षं सिंगापुरात, आंग मो किओमधल्या एका ऑफिसच्या लॉबीत, एसीच्या गारठ्यात उभा होतो. काम करून जितकं दमायला होत नाही तितकं नुसतं उभं राहून होतं. शाळेत कधी वर्गाबाहेर उभं राहावं लागलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मराठी मला कशी येते, असं तुम्ही विचारालच. माझ्या मागच्या चाकाजवळ कॉफीचं मशीन होतं, आणि त्या ऑफिसातली बरीच माणसं पुण्याची, मुंबईची, नागपूरची. ती साहेबांशी इंग्रजीत बोलत, आणि साहेबांबद्दल कॉफी घेताना मराठीत बोलत. मनातलं सगळं ते मराठीतच बोलायचे, म्हणून मी ती शिकून घेतली.

उत्तर इटलीत पो नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठच्या सपाट मुलखात जुझेप्पे तोरेसानी नावाचा एक लोहार होता. मळणीयंत्रं दुरुस्त करता करता त्याला वाटलं, दुसऱ्यांची यंत्रं किती दिवस ठोकत बसायचं, आपणच एक घडवू. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. शेतात ना घोडे उरले होते ना तरणी माणसं, पण मोडक्या तोफगाड्यांचं लोखंड जिकडेतिकडे पडलं होतं. ते वितळवून त्याने पहिला ट्रॅक्टर उभा केला. एकच सिलिंडर, पण बादलीएवढा. त्याच्या तोंडाशी लोखंडाचा एक पोकळ गोळा. तो बाहेरून दिव्याच्या ज्योतीने लालसर होईपर्यंत तापवायचा, मग फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड लोखंडी चाक, हाताने झुलवायचं, की इंजिन धप् धप् करत जागं व्हायचं. ना बॅटरी, ना किल्ली. पोटात काहीही घाला, चालायचं. एकदा कुणी माझ्या पोटात तळणीचं उरलेलं तेल ओतलं, तर दिवसभर शेतावर खमंग वास सुटला होता. तो वास भज्यांसारखा होता, हे मला सिंगापुरात कळलं.

दुसऱ्या युद्धात कारखान्याचं छप्पर उडालं. कामगार उघड्यावर भट्टी पेटवून काम करत राहिले, आणि त्या बिनछपराच्या कारखान्यात ओरेस्ते नावाच्या मिस्त्रीने मला घडवलं. त्याच्या हाताला तेलाचा आणि कांद्याचा वास यायचा. माझ्या स्टीअरिंगची गंमत त्यानेच करून ठेवली. ते दांड्यासकट उपसून निघतं. निघालं की दांड्याचं चौकोनी टोक फ्लायव्हीलच्या भोकात बसवायचं आणि इंजिन झुलवायचं. इंजिन लागलं की स्टीअरिंग परत आपल्या जागी. म्हणजे मला उठवायलाही तेच, आणि वळवायलाही तेच.

तोरेसानींची एक रीत होती. नुसते पैसे हातात पडले म्हणून ट्रॅक्टर विकला गेला, असं ते मानत नसत. ज्याने घडवला तो मिस्त्री ट्रॅक्टरबरोबर शेतकऱ्याच्या घरी जायचा, तिथेच राहायचा, तिथेच जेवायचा. घरातल्या कुणाच्या तरी हातून इंजिन सुरू झालं, की तो ब्रश काढायचा आणि त्या माणसाचं नाव पांढऱ्या रंगाने बॉनेटवर लिहायचा. नाव पडेपर्यंत ट्रॅक्टर कारखान्याचा. नाव पडलं की त्या माणसाचा.

मला घेतलं रेनातो नावाच्या शेतकऱ्याने. युद्धात त्याचा उजवा हात अधू झाला होता. बिचारा रोज सकाळी घाम गाळायचा, पण मी काही त्याच्याने उठेना. शेवटी त्याची बायको आल्दा बाह्या सरसावून पुढे झाली. कुंपणावर बसलेले शेजारी फिदीफिदी हसले. तिने स्टीअरिंग धरून मला पुढे-मागे झोके दिले, आणि मी असा खडबडून जागा झालो, की ते शेजारी कुंपणावरून पडायचेच बाकी राहिले. ओरेस्तेने माझ्या बॉनेटवर पुढच्या बाजूला 'आल्दा' असं लिहिलं. रेनातोला राग आला असेल म्हणता? छे. ट्रॅक्टर बायकोचा आहे, मी नुसता चालवतो, असं तो गावभर सांगत फिरायचा.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. मी नांगरलं, बीटाचे ढीग ओढले, पट्टा लावून गावाची मळणी केली, लग्नाची वऱ्हाडंही वाहिली. सकाळी माझा आवाज आला की बाया चुलीवर कॉफी चढवायच्या. थकायला तेव्हाही व्हायचं, पण रात्री आल्दा माझ्या अंगावर गोणपाट टाकायची, आणि त्या थकव्याला झोप लागायची.

मग बटणावर चालू होणारे ट्रॅक्टर आले. म्हातारा तोरेसानी म्हणायचा, गोळा तापेपर्यंत ज्याला थांबवत नाही त्याने शेतीच करू नये. लोकांनी शेती केली, फक्त त्याचा ट्रॅक्टर घ्यायचं सोडून दिलं. त्याच्या मुलांनी नवी इंजिनं काढली, पण तोवर उशीर झाला होता. कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला, तिच्याकडून दुसरीने. दर वेळी पाटी बदलली, राखाडी रंगाचा निळा झाला. भट्टी विझली, फाटकाला कुलूप लागलं. उरलं फक्त नाव. आज ते नाव लावून ट्रॅक्टरांच्या आतल्या संगणकाचे प्रोग्राम लिहिणारं एक ऑफिस सिंगापुरात चालतं. ज्या घराण्याने मला घणाने ठोकून घडवलं, त्याच्या नावाच्या कंपनीत आता एक हातोडा सापडायचा नाही.

आल्दा गेली तेव्हा मला कोठारात ढकललं होतं. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या. खरं सांगू, ते दिवस इतके वाईट नव्हते. कोंबड्या निदान रोज यायच्या. एके दिवशी कंपनीची टापटीप माणसं आली, 'आमचा वारसा' म्हणाली, आणि मला सिंगापूरला घेऊन आली. निळा रंग फासला. आल्दाचं नाव त्याखाली गेलं आणि मला ओरडताही आलं नाही.

प्रवासात माझं स्टीअरिंग वेगळ्या खोक्यात आलं होतं. लॉबी सजवणाऱ्यांना वाटलं, ही एक वेगळी शोभेची वस्तू आहे. त्यांनी ते दांड्यासकट मीटिंग रूमच्या भिंतीवर टांगलं, वर एक छोटा दिवा लावला, आणि माझ्या रिकाम्या जागी कुठल्याशा गाडीचं हलकं स्टीअरिंग चिकटवून टाकलं. मीटिंग रूमची भिंत काचेची. माझी वस्तू मला रोज दिसायची आणि हाती काही लागायचं नाही. येणारे-जाणारे माझ्याबरोबर फोटो काढायचे. 'सो क्यूट' म्हणायचे. दोन टनांच्या म्हाताऱ्याला क्यूट म्हटल्यावर त्याने काय करावं?

आणि मग ती सकाळ आली. संजीव आणि स्मिता कॉफी घ्यायला आले. संजीव तिथला मॅनेजर, स्मिता प्रोग्राम लिहिणारी इंजिनियर, दोघंही पुण्याचे. संजीव कपात चमचा ढवळतच राहिला.

"स्मिता, हे ऑफिस बंद होतंय," तो म्हणाला. "थोडे जण जुरोंग ईस्टला छोट्या जागेत जातील."

"आणि मी?"

"तू त्यांच्यात नाहीस गं. रत्नदीपही नाही. मी खूप भांडलो."

सिंगापुरात तिचा राहण्याचा पास नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळायचा. तिने माझ्याकडे बोट केलं. "याचं काय?"

"तिथे लॉबीच नाही. महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे. जाण्याआधी एवढं बघशील? कुणी नेत असेल तर उत्तम. नाहीतर स्क्रॅपवाल्याला सांगून ठेवलंय."

स्मिताने आपला कप धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. त्या कपाची आता कुणाला काय गरज होती, मला कळेना.

तिने शोधाशोध केली. तोरेसानींच्या गावात जुन्या कामगारांच्या मुलाबाळांनी एका शेडमध्ये यंत्रांचं संग्रहालय चालवलंय. ते सांभाळणाऱ्या बाईंचं नाव ब्रूना. माझ्या ओरेस्तेची मुलगी! स्मिताने माझ्यासमोर उभं राहून त्यांना व्हिडिओ कॉल केला. पांढऱ्या केसांच्या ब्रूनाबाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, आम्ही थंड लोखंड घेत नाही. सुगीच्या जत्रेत आमचं प्रत्येक यंत्र सुरू होतं, जागा थोडी आहे, न चालणारी कितीतरी आम्ही परत पाठवलीत. तुमच्या हातून तो सुरू झाला तर कंटेनर आम्ही पाठवू. नाही झाला तर मला माफ कर, मुली.

स्मिताने फोन ठेवला. "हा आणि सुरू?" ती स्वतःशीच पुटपुटली.

शेजारी रत्नदीप उभा होता. नागपूरचा, तिच्याहून लहान. "ताई, तसंही आता आपल्याला काम काय उरलंय? करून पाहू न."

गंमत बघा. या दोघांनी वर्षानुवर्षं ट्रॅक्टरांचे प्रोग्राम लिहिले, पण खऱ्या ट्रॅक्टरला कधी तेलाचा हात लावला नव्हता. ते रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसू लागले. तुरुंगातून सुटणाऱ्याला होतो तसा आनंद मला झाला म्हणावं, तर तेही नाही. मी फार दमलो होतो. हात लावून सोडून देणारे मी खूप पाहिले होते. पण यांनी सोडलं नाही. गंजलेला पिस्टन तेलात भिजवला, रोज थोडा थोडा सैल केला. फ्लायव्हीलमधलं चौकोनी भोक सापडलं तिथे मात्र त्यांच्या नाकीनऊ आले. त्यात पाने घालून पाहिले, लोखंडी सळया घालून पाहिल्या. सगळं सटकायचं. रत्नदीपची बोटं सोलवटली.

"काहीतरी मिसिंग आहे," स्मिता म्हणायची. आणि ते मिसिंग काचेपलीकडे, दिव्याखाली मिरवत होतं. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

महिना संपत आला. मीटिंग रूममध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. केक होता, संजीव भाषण करत होता, आणि ऐकणाऱ्यांना रडावं की टाळ्या वाजवाव्यात ते कळत नव्हतं. स्मिता भिंतीकडे बघत बसली होती. एकाएकी ती उठली आणि चपला काढून खुर्चीवर चढली.

"अगं, काय करतेस?" संजीवचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

"एक मिनिट, संजीव. ह्याचं टोक चौकोनी आहे. आणि झिजलंय बघा! शोभेची वस्तू कशाला झिजेल?"

केक तसाच टाकून सगळे लॉबीत आले. तिने दांड्याचं टोक भोकात घातलं. खट् आवाज झाला आणि ते बसलं. मित्रांनो, किती वर्षांनी माझं माझ्याजवळ आलं होतं!

तरी सुरू व्हायचं बाकी होतंच. इमारतीची देखभाल पाहणाऱ्या मिसेस लिम मोठ्या कडक. "इनसाइड कॅनॉट लाह!" त्यांनी ठणकावून सांगितलं. धुराने अलार्म वाजला तर आख्खी इमारत खाली उतरेल. पण स्मिताच्या चेहऱ्याकडे बघून त्या विरघळल्या. रविवारी सकाळी, मागच्या लोडिंग बेमध्ये, त्या स्वतः आग विझवायचं नळकांडं घेऊन उभ्या राहतील, एवढी परवानगी मिळाली.

रविवारी मला ढकलत मागे नेलं. बाहेरची दमट, ऊबदार हवा अंगाला लागली. रत्नदीपने लिटिल इंडियाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून गॅसचा टॉर्च आणला होता. त्याची ज्योत माझ्या गोळ्यावर धरली. गोळा तापला तसा वरचा निळा रंग फुगला, तडकला, आणि पापुद्रे गळून पडले. खालून राखाडी पत्रा दिसू लागला. त्यावर पांढरी अक्षरं.

"ताई, नाव आहे इथे. आल्दा." रत्नदीपने फोन वळवून ब्रूनाबाईंना दाखवलं. त्या कॉलवरच होत्या. वडिलांच्या हातचं नाव बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

रत्नदीपने जोर लावला. मी उलटा झटका दिला आणि तो मागे जाऊन आदळला. मला वाईट वाटलं, पण माझा इलाज नव्हता. मग स्मिता आली. तिनेही आधी ओढलं, दात-ओठ खाऊन ओढलं. मी ढिम्म. हाताला फोड आले तशी ती थांबली, माझ्या अंगाला टेकून उभी राहिली. तिचा श्वास मला जाणवत होता. मग तिने ओढायचं सोडलं, आणि नुसते झोके द्यायला लागली. पुढे, मागे. पुढे, मागे.

धप्.

धप् धप्. काळ्या धुराचा लोट निघाला, मी गदागदा हललो, माझ्या पत्र्यातला प्रत्येक खिळा वाजला. स्मिताने लहान मुलीसारख्या उड्या मारल्या. मिसेस लिम खोकता खोकता हसत होत्या. रत्नदीपने स्टीअरिंग काढून जागेवर बसवलं, सीटवर चढून पहिला गिअर टाकला, आणि मी थेट मागे निघालो. कचऱ्याचे दोन मोठे डबे आडवे केले.

"पहिल्या गिअरला मागे?" स्मिता ओरडली. "प्लस-मायनसची साइन उलटी आहे कुठेतरी!"

"गिअरबॉक्स उलटा जोडला असेल, ताई!"

पंचाईत बघा. मी धुरात धापा टाकतोय आणि हे दोघं तिथे उभे राहून चूक शोधतायत, जणू मी पडद्यावरचा प्रोग्राम आहे. चूक काहीच नव्हती. माझं इंजिन दोन्हीकडे फिरतं. झोक्यात उलटीकडून पेटलं की उलटं फिरतं, मग पुढचा गिअरसुद्धा मागे नेतो. फोनमध्ये ब्रूनाबाई पोट धरून हसत होत्या. त्यांनी उपाय सांगितला. तेल कमी करत आण, तो विझायला येईल. अगदी विझायला आला की झटकन तेल दे. तो दिशा बदलून उठेल. उशीर केलास तर मात्र गेला.

स्मिताने तेलाची कळ हळूहळू ओढली. माझे ठोके लांबत गेले. धप्... धप्... मग शांतता. खरं सांगतो मित्रांनो, त्या शांततेत मला वाटलं, पुरे. आता नको कंटेनर, नको जत्रा. इथेच थांबावं. इतकी वर्षं शोभेला उभं राहून राहून माझा जीव विटला होता.

"अरे, चल ना रे," स्मिता माझ्या कानाशी म्हणाली. "तू तरी मला हरवू नकोस आता."

तिने तेल सोडलं, आणि मी उठलो. सुलट्या दिशेने उठलो. पहिल्या गिअरमध्ये पुढे गेलो, सगळा लोडिंग बे पार करून उन्हात गेलो.

ब्रूनाबाईंनी एकच विचारलं. "इंजिन कुणाच्या हातून लागलं?"

"माझ्या," स्मिता म्हणाली.

मग त्यांनी तिला तोरेसानींची रीत सांगितली. "आल्दा गेली. आता तो तुझा. आम्ही फक्त सांभाळू. पण अंगणातून निघण्याआधी नाव लिहायचं असतं, नाहीतर माझे बाबा मला रागावतील."

स्मिता हसायला लागली, आणि हसता हसता तिथेच पायरीवर बसून रडली. "रत्नदीप, इतकी वर्षं इथे राहिले. घर भाड्याचं, पास कंपनीचा. माझ्या नावाचं एक झुडूपही नाही या गावात. आणि जाताना काय, तर दोन टनांचा ट्रॅक्टर!"

"लिहा न, ताई." त्याने पांढऱ्या रंगाचा डबा उघडून पुढे केला.

आल्दाच्या नावाखाली, उघड्या पडलेल्या राखाडी पत्र्यावर, तिने देवनागरीत लिहिलं: स्मिता. फोड आलेल्या हाताने लिहिल्यामुळे वेलांटी जरा वाकडी आली आहे. ती कुणी सरळ करू नका, एवढी विनंती मी संग्रहालयाला आत्तापासून करून ठेवतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी आजीची शिवणाची मशीन असेल, बाबांची सायकल असेल. तिला पुसून काचेच्या कपाटात ठेवलीत की तिची काळजी घेतली, असं समजू नका. आम्हाला दिवा नको, रंग नको, फोटो तर नकोच नको. अधूनमधून हात लावा, थोडं तेल घाला, जमलं तर चार झोके द्या. आम्ही कुरकुर करू, धूर सोडू, एखादे वेळी उलटेही जाऊ. तेवढं सोसून घ्या. आम्ही कामाने थकत नाही हो, विसरले जाण्याने थकतो.

कंटेनर आला तेव्हा माल भरणारा माणूस माझं स्टीअरिंग उपसून वेगळ्या खोक्यात ठेवायला निघाला. स्मिता धावत आली. तिने ते त्याच्या हातातून घेतलं, जागेवर बसवलं, गळ्यातली सुती ओढणी काढली आणि दांड्याशी आवळून बांधली. दोन दिवसांनी तिचंही पुण्याचं विमान होतं. तिथे तिला काय काम मिळेल, मला ठाऊक नाही, तिलाही नाही. तिने माझ्या बॉनेटवर एक थाप मारली आणि मागे सरकली.

दार लागलं. अंधार झाला, आणि थोड्या वेळाने सगळं डुलायला लागलं. मी दमलो आहे, पण आज झोप लागेल असं वाटतंय. मध्येच एकदा दचकून जागा झालो आणि आधी स्टीअरिंग आहे ना ते पाहिलं. जागेवर होतं. गाठ घट्ट होती.